कंपनी दाद देत नसेल तर काय करायचं: बिलापासून ग्राहक आयोगापर्यंत, वकील न लावता

नवा फ्रिज महिन्याभरात थंड करेनासा होतो, एसीवाला येतो, गॅस भरतो, जातो आणि चार दिवसांनी खोली परत गरम, मोबाईलच्या स्क्रीनवर आपोआप हिरवी रेघ येते आणि सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो तुम्ही पाण्यात पाडला असणार. यातलं काहीच झालं नाही असं घर मुंबईत शोधून सापडायचं नाही. आणि मग बहुतेक जण काय करतात तर कस्टमर केअरला फोन लावत बसतात, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा सांगायची, चोवीस तासात कॉल येईल म्हणतात, कॉल येत नाही, मेसेज मात्र येतो की तुमची कंप्लेंट क्लोज केली. महिन्याभराने माणूस वैतागतो आणि नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावून खिशातले पैसे घालतो.

बिल्डिंगमधल्या आणि ऑफिसमधल्या बऱ्याच जणांना मी अशा तक्रारी लिहून दिल्यात, आणि त्यातून माझं एक ठाम मत झालंय की ग्राहक हरतो तो कायदा कमजोर आहे म्हणून हरत नाही, तो फोनवर भांडतो आणि लिहून काही ठेवत नाही म्हणून हरतो. फोनवर तासभर घसा कोरडा केला तरी हातात काय राहतं? काही नाही. दहा ओळींचा साधा मेल मात्र दोन वर्षांनीही दाखवता येतो. म्हणून खाली जे सांगतोय ते सगळं पहिल्या दिवसापासून लेखी ठेवायच्या हिशोबाने सांगतोय. ग्राहक आयोगापर्यंत, म्हणजे लोक ज्याला कन्झ्युमर कोर्ट म्हणतात तिथपर्यंत, जायची वेळ बऱ्याचदा येतच नाही, पण फाईल मात्र उद्याच जायचंय अशी तयार पाहिजे.

घेतानाच करायच्या गोष्टी

बिल. पक्कं बिल, जीएसटी नंबर असलेलं, तुमचं नाव, मॉडेल आणि सिरियल नंबर (मोबाईल असेल तर आयएमईआय) लिहिलेलं. लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत गेलात की 'बिल नको असेल तर एवढ्यात देतो' हे ऐकायला मिळतंच, आणि दोन-तीन हजार वाचतात म्हणून मोह होतो, पण बिल नसलेली वस्तू बिघडली की वॉरंटीपण गेली आणि आपण ग्राहक आहोत हे सिद्ध करायचा सगळ्यात सोपा पुरावापण गेला. बिल द्यायला नकार देणं हा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधे अनुचित व्यापार प्रथेत मोडतो, तेव्हा दुकानदाराने टाळाटाळ केली तर हे शांतपणे सांगा.

बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा. आजकाल बरीच बिलं थर्मल कागदावर येतात, कपाटात वर्षभर राहिली की कोरा कागद उरतो, आणि मुंबईच्या दमट हवेत तर सांगायलाच नको. फोटो काढून स्वतःलाच मेल करायचा, सब्जेक्टमधे 'फ्रिज बिल' आणि तारीख, म्हणजे पाच वर्षांनी शोधलं तरी सापडतं. सोबत खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो आणि वॉरंटी कार्डाचा फोटो, कार्डावर डीलरचा शिक्का लागत असेल तर तिथेच मारून घ्या.

ऑनलाइन घेत असाल तर वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात विक्रेत्याचं नाव, रिटर्न पॉलिसी आणि जे जे फीचर लिहिलंय ते आलं पाहिजे. हे पान नंतर बदलतं. तुम्ही म्हणणार 'पाच स्टार लिहिलं होतं' आणि तिथे आता तीन स्टार असतील तर काय दाखवणार? पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, एका दमात, मधे न थांबवता, सुरुवातीला पत्त्याचं लेबल आणि सील नीट दिसलं पाहिजे.

एक्स्टेंडेड वॉरंटीबद्दल माझं मत फार चांगलं नाहीये. दसरा-दिवाळीच्या सेलमधे काउंटरवरचा मुलगा घाईघाईत ती बिलात टाकतो आणि लोकांना वाटतं कंपनीचीच आहे, पण कितीदा तरी ती तिसऱ्याच कंपनीची असते, तिच्या अटी वेगळ्या, क्लेमचा नंबर वेगळा. घ्यायचीच असेल तर कोण देतंय आणि कशाकशाला लागू नाही हे वाचून मगच पैसे द्या. आपल्याकडे व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान, पाणी शिरणं आणि गंज या तीन गोष्टी खास बघायच्या. जुलैमधे तळमजल्यावर पाणी शिरणाऱ्या भागात राहत असाल किंवा समुद्राजवळ एसीचं आउटडोअर युनिट लावणार असाल तर नेमकं त्याच वेळी ही कलमं आडवी येतात.

बिघाड दिसला की

सगळ्यात आधी व्हिडिओ. थर्मामीटर ठेवून, टीव्हीवर तारीख दिसेल असा, किंवा त्या दिवसाचा पेपर बाजूला ठेवून, कसाही, पण बिघाड दिसला पाहिजे आणि आवाज येत असेल तर ऐकू आला पाहिजे.

मग तक्रार नोंदवा, पण नंबर गुगलवर शोधू नका. खोटे कस्टमर केअर नंबर टाकून बसलेल्या टोळ्या आहेत, ते गोड बोलून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतात किंवा 'दहा रुपये रजिस्ट्रेशन भरा' म्हणून लिंक पाठवतात आणि अकाउंट साफ. नंबर वॉरंटी कार्डावरून, खोक्यावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचा. शक्य असेल तर ॲपवरून किंवा मेलनेच तक्रार करा, कारण तिथे तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. फोन केलाच तर कंप्लेंट नंबर घ्या आणि फोन ठेवल्याबरोबर दोन ओळींचा मेल टाका, 'आज दुपारी तीन वाजता अमुक नंबरची तक्रार केली, प्रतिनिधीने दोन दिवसात टेक्निशियन येईल असं सांगितलं'. ही सवय लावून घ्या. फोनवर दिलेला शब्द लेखी करून घ्यायचा याहून सोपा मार्ग नाही.

बिघाड लगेच निघाला असेल तर हेही लक्षात ठेवा की बिलावर परत घ्यायची मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि काहीच लिहिलं नसेल तर तीस दिवसात, सदोष वस्तू परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देणं हेसुद्धा कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे. 'नो रिटर्न नो एक्स्चेंज' ची पाटी दाखवून विषय संपत नाही. हे सदोष वस्तूबद्दल आहे हां, रंग आवडला नाही म्हणून परत द्यायचा हक्क यातून मिळत नाही.

हप्ता थांबवू नका! फ्रिज बंद आहे तर ईएमआय कशाला भरू असं वाटणं साहजिक आहे, पण कर्ज बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं असतं, तिने दुकानदाराला पैसे कधीच दिलेले असतात, तुम्ही थांबलात की तुमचा क्रेडिट स्कोअर पडतो आणि उद्या होमलोनच्या वेळी पंधरा-वीस हजारांच्या फ्रिजचा हप्ता आडवा येतो. हप्ते भरत राहा आणि भरलेलं व्याज नंतर मागणीत धरा. क्रेडिट कार्डने पैसे भरले असतील आणि वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली असेल तर मात्र कार्डवाल्या बँकेत लगेच लेखी डिस्प्यूट टाका, त्याला मुदत असते आणि ती फार मोठी नसते.

टेक्निशियन, जॉबशीट आणि ओटीपी

याच्यावर जरा जास्त लिहितो कारण निम्म्या केसेस इथेच फसतात.

टेक्निशियन येतो, बघतो, काहीतरी करतो आणि जाताना म्हणतो 'ओटीपी आला असेल तो सांगा'. काही कंपन्या त्याला हॅपी कोड म्हणतात. हा कोड दिला की सिस्टिममधे तक्रार सुटली, ग्राहक समाधानी, अशी नोंद होते. त्या पोराला दिवसाचे कॉल पूर्ण करायचे असतात, त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही, पण वस्तू चालू झाल्याशिवाय कोड द्यायचा नाही म्हणजे नाही. 'पार्ट मागवलाय, आत्ता कोड द्या, पार्ट आला की परत येतो' हे हमखास वाक्य आहे. त्याला सांगायचं, पार्ट पेंडिंग म्हणून टाक, क्लोज करू नको. आणि हो, हा कोड सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचा, बँकेचा ओटीपी आणि सर्व्हिसचा कोड यात गोंधळ घालून फसवणारेही आहेत.

जॉबशीट म्हणजे टेक्निशियन भरतो तो कागद, हल्ली टॅबवर असतो. त्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका. आमच्या शेजारच्या काकूंच्या फ्रिजच्या वेळी टेक्निशियनने लिहिलं होतं 'चेक केलं, ओके'. फ्रीझरमधल्या बर्फाचं पाणी होऊन ट्रेमधे साचलेलं होतं आणि वर ओके. काकूंनी त्याच्याकडूनच पेन घेतलं आणि सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'फ्रीझर थंड होत नाही, बर्फ वितळलेला आहे, कॉम्प्रेसरचा आवाज येतो, दुरुस्ती झालेली नाही', मग तारीख-वेळ आणि सही, आणि त्या कागदाचा फोटो तो दारात उभा असतानाच काढला. पुढे कंपनीने मेलवर 'आमच्या इंजिनियरला दोष आढळला नाही' असं कळवलं तेव्हा काकूंनी उत्तरात फक्त तो फोटो जोडला, आणि त्यानंतरच्या मेलमधे भाषा एकदम बदलली. टॅबवर सही घेत असतील तर तिथे शेरा लिहायची सोय नसते, तेव्हा सही करायच्या आधी स्क्रीनचा फोटो घ्या आणि तोच शेरा लगेच मेलने पाठवा.

बदललेला पार्ट, गॅस भरल्याची नोंद, प्रत्येक भेटीची तारीख, सगळं एका वहीत किंवा फोनच्या नोट्समधे तारखेप्रमाणे लिहीत जा. आयोगात तारखांची यादी द्यावी लागते, ती अशी आपोआप तयार होते.

आता लेखी मागणी

एकाच दोषासाठी दोन-तीन वेळा माणूस येऊन गेला आणि तरी तेच, किंवा 'वॉरंटीत बसत नाही' असं तोंडी सांगून हात वर केले, की कस्टमर केअरवरून वर जायचं. ऑनलाइन घेतलं असेल तर ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्या साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, त्याने ४८ तासात तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं. साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात 'ग्रीव्हन्स' असं लिहिलेलं असतं, तिथे सापडतो. चॅटवाल्या बॉटशी दहा वेळा बोलण्यापेक्षा त्या पत्त्यावर एक मेल बरा.

दुकानातून घेतलं असेल तर मेल कंपनीला आणि दुकानदाराला दोघांनाही. दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात म्हणून दोघांना एकाच मेलमधे धरायचं.

मजकूर साधा ठेवा. लोक रागात 'तुम्ही चोर आहात, तुम्हाला कोर्टात खेचीन, मीडियात जाईन' असं लिहितात, त्याने कोणी घाबरत नाही, उलट उद्या हाच मेल आयोगाच्या टेबलावर जाणार आहे आणि तो वाचणाऱ्याला तुमचं म्हणणं पटलं पाहिजे. साधारण असा लिहायचा:

'मी दिनांक अमुक रोजी आपल्या अमुक दुकानातून अमुक मॉडेलचा फ्रिज, सिरियल नंबर अमुक, रुपये अमुकला घेतला (बिल जोडले आहे). दिनांक अमुकपासून फ्रीझर थंड होत नाही. याबाबत अमुक, अमुक आणि अमुक या तारखांना तक्रारी केल्या, त्यांचे नंबर खाली दिले आहेत. आपला टेक्निशियन तीन वेळा येऊन गेला, जॉबशीट जोडल्या आहेत, दोष कायम आहे. ही वस्तू सदोष आहे आणि सेवेत त्रुटी आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसात फ्रिज बदलून नवा द्यावा किंवा पूर्ण किंमत परत करावी. तसे न झाल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन आणि त्याचा खर्च व नुकसानभरपाई आपल्याकडून मागेन.'

बस, यापेक्षा जास्त नको. मागणी एकच आणि स्पष्ट, मुदत स्पष्ट. 'योग्य ती कारवाई करावी' असं मोघम लिहिलं तर योग्य ती कारवाई म्हणून ते परत टेक्निशियन पाठवतात.

मेलसोबत हेच पत्र छापून, सही करून कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोस्टाने पाठवा. पूर्वी यासाठी रजिस्टर्ड पोस्ट करायचो, २०२५ मधे ते स्पीड पोस्टमधे विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टने पाठवा, पोचल्याचा पुरावा घ्या आणि ट्रॅकिंगचं पान 'डिलिव्हर्ड' दिसत असताना सेव्ह करा. अशी नोटीस दिलीच पाहिजे अशी ग्राहक आयोगाची अट नाहीये आणि ती वकिलानेच द्यावी अशीही नाही, पण आपण संधी दिली होती हे दिसतं आणि खूप प्रकरणं याच टप्प्यावर मिटतात, कारण मेल कस्टमर केअरकडून उठून कंपनीच्या लीगलवाल्यांकडे जातो.

१९१५

त्याच पंधरा दिवसात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. नंबर १९१५, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि वेबसाइटवरून किंवा ॲपवरूनही करता येते. मी वेबसाइटच सुचवतो कारण कागद जोडता येतात. खूप मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनशी थेट जोडलेल्या आहेत, तक्रार सरळ त्यांच्या ठरलेल्या माणसाकडे जाते आणि मोबाईल, घरगुती उपकरणं, ऑनलाइन रिफंड अशा प्रकारात कितीदा तरी आठवड्याभरात फोन येतो.

पण हेल्पलाइन हे कोर्ट नव्हे, ती आदेश देऊ शकत नाही. कंपनीने 'आम्ही तपासलं, दोष नाही' असं उत्तर टाकलं की डॉकेट (म्हणजे तुमच्या तक्रारीची नोंद) बंद होऊ शकतं. तसं झालं तर खचून जाऊ नका, ते उत्तर डाउनलोड करून फाईलला लावा.

आपल्याकडे या विषयात जुन्या संस्थाही आहेत, १९६६ पासूनची कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया आणि १९७५ पासूनची मुंबई ग्राहक पंचायत, दोन्ही मुंबईतल्याच. तक्रार कशी मांडायची यात अडकलात तर तिथे विचारा, वकिलाची फी भरायच्या आधी.

आयोगात जाताना

लोक अजून कन्झ्युमर कोर्ट किंवा ग्राहक मंच म्हणतात, नव्या कायद्यात नाव ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात मोठी सोय झाली ती म्हणजे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो नाहीतर बंगळुरूला. मुंबई शहरासाठी परळला आणि उपनगरासाठी वांद्रे पूर्वेला जिल्हा आयोग आहे. राहायला डोंबिवली किंवा ठाण्याला आणि नोकरी अंधेरीत, असं असेल तर उपनगर जिल्ह्याच्या आयोगातही जाता येतं, सुट्टी टाकून ठाण्याला जाण्यापेक्षा ऑफिसजवळचं सोयीचं पडत असेल तर तसं करा.

वस्तूसाठी तुम्ही भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. किंमत भरलेली बघतात, मागितलेली भरपाई नाही. ५ लाखांपर्यंत फी शून्य, ५ ते १० लाख असेल तर २०० रुपये, १० ते २० लाख ४०० आणि २० ते ५० लाख १,००० रुपये. म्हणजे फ्रिज, मोबाईल, लॅपटॉप, वॉशिंग मशीन या सगळ्याला एक रुपयाही फी नाही. वकील लागत नाही, स्वतः उभं राहून बोलता येतं आणि मराठीत तक्रार देता येते.

मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. इथे फार जण गाफील राहतात. कंपनीशी मेलामेली चालू आहे म्हणजे मुदत वाढतेय असं समजू नका, मेल करत राहिल्याने घड्याळ थांबत नाही. उशिरासाठी माफी मागता येते पण सबळ कारण द्यावं लागतं, आणि ती वेळ आणूच नये.

एक गोष्ट तपासून घ्या, वस्तू घरासाठी घेतलीये की धंद्यासाठी. नफ्याच्या धंद्यासाठी घेतली असेल तर तुम्ही या कायद्यात ग्राहक ठरत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल, म्हणजे शिवणकाम करणाऱ्या ताईंनी घेतलेलं मशीन किंवा एकट्याने फोटोग्राफी करणाऱ्याचा कॅमेरा, तर चालतं, फक्त तक्रारीत तसं स्पष्ट लिहायचं.

तक्रार ई-जागृती या पोर्टलवर ऑनलाइन भरतात, १ जानेवारी २०२५ पासून ते सुरू आहे, त्याआधी ई-दाखिल होतं. खातं उघडा, मग साधारण एवढे कागद लागतात: अनुक्रमणिका, पक्षकारांची नावं-पत्ते, तारखांची यादी, मूळ तक्रार, शपथपत्र आणि पुराव्याचे कागद. विरुद्ध पक्षात बनवणारी कंपनी, विकणारा आणि ऑनलाइन असेल तर साइट, सगळ्यांना घ्या, नंतर एखादा राहिला म्हणून अडचण नको. पत्ते बिलावरून आणि वॉरंटी कार्डावरून मिळतात. पत्ता चुकला तर नोटीस परत येते आणि तारखा वाया जातात, तेव्हा यावर वेळ घाला.

तक्रार लिहिताना मेलचीच गोष्ट थोडी सविस्तर लिहायची, परिच्छेदांना नंबर द्यायचे आणि प्रत्येक वाक्यामागे कागद दाखवायचा. 'तिसऱ्या भेटीतही दोष कायम होता' पुढे 'जोडपत्र ५'. कागद नसलेलं वाक्य शक्यतो लिहूच नका. मोबाईलमधले मेल, चॅट, स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालतात, पण त्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र (ही प्रत कुठल्या फोन-कॉम्प्युटरमधून काढली ते सांगणारं) जोडावं, पूर्वी यालाच ६५-ब म्हणायचे. मूळ चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलला तर बॅकअप नीट घ्या.

मागणी किती करायची? वस्तूची किंमत, त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. चाळीस हजारांच्या फ्रिजसाठी दहा लाख मागणारे असतात, मला ते अजिबात पटत नाही, त्याने आपलीच बाजू हलकी वाटते. झालेला खर्च दाखवा, म्हणजे फ्रिज बंद असताना वाया गेलेलं सामान, घेतलेल्या रजा, आणि त्रासासाठी पटेल असा आकडा.

पुढे काय होतं ते थोडक्यात. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसात ठरायला हवं, तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय ती फेटाळता येत नाही. मग कंपनीला नोटीस, उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५, त्यापुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च २०२० मधे पक्कं केलंय. कंपनी आलीच नाही तर एकतर्फी चालतं. दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते, म्हणून त्या जॉबशीट सोन्यासारख्या आहेत, कंपनीच्याच माणसाने दोष लिहिलेला असला की वेगळ्या तपासणीची गरज बऱ्याचदा पडत नाही. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणी मागता येते, नोकरी करणाऱ्यांनी जरूर अर्ज करावा. कायद्यात निकालाचं उद्दिष्ट तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने असं आहे, प्रत्यक्षात मुंबईत याहून बराच जास्त वेळ जातो. हे आधीच मनाशी धरून चला, आणि मधल्या काळात फ्रिजशिवाय राहू नका, दुसरा घेतलात तरी तुमचा दावा बुडत नाही, फक्त जुना फेकू नका, विकू नका आणि बाहेरच्या मेकॅनिकला उघडू देऊ नका.

तडजोड आली तर, आणि निकाल लागल्यावर

नोटीस पोचली की कितीतरी कंपन्या फोन करतात. तडजोड करायला माझी काहीच हरकत नाही, वर्षभर तारखा घेण्यापेक्षा पूर्ण पैसे आणि थोडी भरपाई आज मिळत असेल तर घ्यावी. पण फोनवर 'हो' म्हणायचं नाही, मेलवर लेखी प्रस्ताव मागायचा, त्यात रक्कम, तारीख आणि पैसे कसे देणार ते हवं. 'आधी तक्रार मागे घ्या, मग रिफंड टाकतो' असं म्हणाले तर साफ नाही म्हणा. आधी पैसे खात्यात किंवा नवी वस्तू घरात, मग आयोगात दोघांच्या सहीने तडजोडीचा कागद. जुनी वस्तू न्यायला येतील तेव्हा पिकअपची पावती सिरियल नंबरसकट घ्या. आयोगाकडूनही मध्यस्थीचा मार्ग सुचवला जाऊ शकतो, तिथेही हीच काळजी.

निकाल तुमच्या बाजूने लागला की प्रमाणित प्रत घ्या आणि आदेशात पैसे द्यायला किती दिवस दिलेत ते बघा. कंपनीला राज्य आयोगात अपील करायला ४५ दिवस असतात आणि त्यासाठी आदेशातल्या रकमेचा निम्मा भाग आधी जमा करावा लागतो, त्यामुळे लहान रकमेत अपिलाच्या भानगडीत पडण्यापेक्षा पैसे देऊन मोकळं होणं त्यांना परवडतं. मुदत उलटून गेली आणि पैसे आले नाहीत तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. कलम ७१ खाली दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली होते आणि कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते १ लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्ज टाकण्याआधी आदेशाची प्रत, तुमच्या बँक खात्याचे तपशील आणि 'अमुक तारखेपर्यंत रक्कम जमा करावी, अन्यथा कलम ७२ खाली अर्ज करत आहे' एवढंच लिहिलेला एक मेल कंपनीच्या लीगल विभागाला आणि त्यांच्या वकिलाला पाठवा, त्याची प्रिंट त्या अर्जाला जोडता येते.